‘मेरी सेलेस्ट’वरील दहा माणसे

अझोर्स बेटे आणि पोर्तुगालचा किनारा यांच्या दरम्यान अटलांटिक महासागरात ४ डिसेंबर १८७२ रोजी ‘देई ग्राशिया’ या जहाजाचे कप्तान डेव्हिड मोरहाऊस यांना मोजक्या शिडांवर वेडेवाकडे चाललेले ‘मेरी सेलेस्ट’ दिसले. त्यांचे सहायक ऑलिव्हर डेव्हो यांनी त्यावर चढून पाहिले, तेव्हा तेथे एकही माणूस नव्हता. ‘मेरी सेलेस्ट’ हे ब्रिगँटाइन, म्हणजे दोन डोलकाठ्यांचे आणि पुढच्या काठीवर आडवी चौकोनी शिडे असलेले जहाज, ७ नोव्हेंबरला न्यूयॉर्कहून इटलीतील जिनोआकडे निघाले होते. त्यात औद्योगिक अल्कोहोलची १७०१ पिपे होती आणि कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांच्या पत्नी सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी अशी दहा माणसे होती. त्यांपैकी एकाचाही पुढे मागमूस लागला नाही.

या दहा जणांवर दंतकथांनी दुसरा अन्याय केला. टेबलावर वाफाळता चहा सापडला ही निव्वळ कल्पना आहे, आणि जहाजाच्या होड्या जागच्या जागी होत्या हा समज आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८४ मधील कथेने रूढ केला. प्रत्यक्षात होडी नव्हती. तिच्याबरोबर अचूक वेळ दाखवणारे क्रोनोमीटर, सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजून स्थान काढण्याचे सेक्स्टंट आणि जहाजाची कागदपत्रेही गेली होती. मागे सुमारे सहा महिन्यांचा शिधा, खलाशांचे कपडे, तळाशी साडेतीन फूट पाणी, खोललेला एक पंप आणि पाण्याची खोली मोजण्याची काठी एवढे राहिले होते. जहाजाच्या नोंदपाटीवरील शेवटची नोंद २५ नोव्हेंबरच्या सकाळची, अझोर्समधील सांता मारिया बेटाजवळची होती. माणसे घाईने, पण विचार करून उतरली, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

‘देई ग्राशिया’च्या खलाशांनी जहाज जिब्राल्टरला नेले; तेथील न्यायालयासमोर खरा प्रश्न तारणमोबदल्याचा, म्हणजे सोडलेले जहाज वाचवणाऱ्यांना द्यावयाच्या रकमेचा होता. परंतु सरकारी वकील फ्रेडरिक सॉली-फ्लड यांनी खुनाचा संशय धरला, आणि जहाजावर सापडलेल्या तलवारीवरील डाग रक्ताचे नाहीत असे तपासणीत दिसूनही ‘देई ग्राशिया’च्या निरपराध खलाशांवरील किटाळ पुरते गेले नाही.

पुढे जिनोआत नऊ पिपे रिकामी आढळल्यामुळे, अल्कोहोलची वाफ साचून स्फोटाची भीती वाटली असावी असे मानले जाते. २००६ मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआ सेला यांनी केलेल्या प्रयोगात, वायूचा असा भडका जळाल्याची खूण न ठेवताही उडू शकतो हे दिसले. मात्र जमीन नजरेच्या टप्प्यात असताना होडीत उतरण्याचा निर्णय पंपाच्या बिघाडाने अधिक नीट उलगडतो: पंप तुंबल्यास तळात किती पाणी आहे हे नेमके कळत नाही, आणि बायको-मुलगी सोबत असलेला अनुभवी कप्तान जहाज बुडते आहे असे समजून किनारा गाठू पाहील, हे मानवी स्वभावाला धरून आहे. यातून मिळते ती संभाव्यता; पुरावा नव्हे. ब्रिग्ज यांनी सोडलेले जहाज मात्र त्यानंतर बारा वर्षे समुद्रावर चालले, आणि जानेवारी १८८५ मध्ये हैतीजवळ दुसऱ्या एका कप्तानाने विम्याच्या पैशांसाठी ते जाणूनबुजून खडकावर घातले.