पांढऱ्या रेषेबाहेरचा धर्मगुरू : 'द स्कार्लेट अँड द ब्लॅक'मध्ये खरं किती?

'द स्कार्लेट अँड द ब्लॅक' हा टीव्हीपट १९८३ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर आला. नावातला लाल रंग धर्मगुरूच्या पोशाखाचा, काळा एसएसच्या गणवेशाचा. नाझींच्या ताब्यातल्या रोममध्ये माणसं लपवणारे आयरिश धर्मगुरू ह्यू ओ'फ्लाहर्टी (ग्रेगरी पेक) आणि त्यांच्या मागावरचा गेस्टापोप्रमुख हर्बर्ट कॅप्लर (ख्रिस्तोफर प्लमर) यांची ही गोष्ट. माणसं खरी, बरेचसे प्रसंगही खरे.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती जाहीर केली आणि जर्मनांनी रोम घेतलं. व्हॅटिकन मात्र तटस्थ, वेगळा देश. सेंट पीटर्स चौकाच्या तोंडाशी हद्द दाखवायला पांढरी रेषा मारली गेली. धर्मगुरू आत असेपर्यंत हात लावायचा नाही, बाहेर पाऊल टाकलं की धरायचं. सीमाभागातल्या वाचकाला रेषेचा हा अर्थ वेगळा सांगायला नको. ओ'फ्लाहर्टी वेषांतर करून बाहेर जातच राहिले. एकदा छाप्यातून ते कोळसेवाल्याच्या वेषात, अंगाला कोळसा फासून निसटले.

नाटकात थोडक्यात उरकलेली गोष्ट म्हणजे पैसा. माणूस लपवायचा तर भाडं लागतं आणि काळ्या बाजारातलं धान्य. व्हॅटिकनमध्ये राहणारे ब्रिटिश राजदूत डार्सी ऑस्बोर्न यांनी निधी पुरवला, कैदेतून सुटलेले मेजर सॅम डेरी यांनी कारभार सांभाळला. साधारण ६,५०० जण वाचले, असं सांगितलं जातं.

सोन्याचा प्रसंगही घडलेला. कॅप्लरने रोममधल्या ज्यूंकडे ५० किलो सोनं मागितलं. ते त्यांनी दिलं. तरी १६ ऑक्टोबरला धरपकड झाली. हजाराहून जास्त माणसं आउशवित्झला गेली, परतली १६. पुढे २४ मार्च १९४४ ला आर्देआतीनच्या खाणींत ३३५ जणांना गोळ्या घातल्या, त्याही कॅप्लरच्याच देखरेखीखाली.

४ जूनला मित्रसैन्य रोममध्ये शिरलं. (लढाई मग उत्तरेला सरकली. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलैला टायबरच्याच वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.)

शेवटी कॅप्लर रात्री कलोसियममध्ये धर्मगुरूंना गाठून आपल्या बायकामुलांना वाचवा म्हणतो. हा प्रसंग नाट्यासाठी रचलेला. खऱ्या भेटी झाल्या त्या तुरुंगात. १९४८ मध्ये कॅप्लरला जन्मठेप झाली आणि ओ'फ्लाहर्टी त्याला भेटायला जात राहिले. १९५९ मध्ये त्यांनीच त्याला बाप्तिस्मा दिला. टीव्हीपट हे अखेरच्या चार ओळींत सांगून मोकळा होतो, आणि खरा अवघड प्रश्न तिथेच राहतो : ३३५ घरांच्या वतीने माफ कोण करणार?

ओ'फ्लाहर्टी १९६३ मध्ये वारले. कॅप्लर १९७७ मध्ये रोमच्या लष्करी रुग्णालयातून पळाला. इटलीत इतका गदारोळ झाला की संरक्षणमंत्र्यांना ते खातं सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी कॅप्लर जर्मनीत मेला, मोकळा.