फलाट नंबर पावणेदहा, गोंदिया

ऑफिसचा लंच अवर. विषय हॅरी पॉटर. कोण कुठल्या हाउसचं, यावर घमासान चर्चा. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, 'तू पहिल्यांदा कधी वाचलंस?' मी म्हणते, 'पाचवीत.' खरंच आहे ते. पुढचं वाक्य मात्र डब्यातल्या पोळीबरोबर गिळून टाकते... मी ते मराठीतून वाचलंय!

मी गोंदियाची. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि इंग्रजी फक्त शाळेच्या पुस्तकात. मामाने नागपूरहून 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसचं. पुढचा आठवडाभर मी घरात असून नव्हते.

या नावातली गंमत बघा. 1997 साली ब्रिटनमध्ये पुस्तक आलं तेव्हा नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन' होता. अमेरिकन प्रकाशकांना वाटलं, आपल्या मुलांना हे जड जाईल. म्हणून 1998 मध्ये तिथे झाला 'सॉर्सरर्स स्टोन'. आणि आपल्याकडे? परीस! लोखंडाचं सोनं करणारा. कुणाला समजावून सांगायची गरजच नाही.

आजीने एकदा विचारलं, 'काय वाचून रायली वं एवढं?' मी गोष्ट सांगितली. जिन्याखालच्या कोंदट खोलीत वाढलेला पोरगा, अकराव्या वाढदिवसाला त्याला कळतं की तो जादूगार आहे. आजी हसली. 'हा त गोरखनाथच झाला!' तिच्या 'नवनाथ भक्तिसार'मध्ये मच्छिंद्रनाथांनी दिलेलं भस्म ती बाई उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी गुरू येऊन हाक मारतात आणि आतून मुलगा बाहेर येतो. मग गुरूमागे फिरत विद्या शिकतो. म्हणजे जादूगाराचा चेला आमच्या देवघरात आधीच बसलेला होता, बॉस!

आणि तो फलाट! इंग्रजीत 'नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश' अशी कसरत. आपल्याकडे सरळ पावणेदहा. गोंदिया जंक्शनवर मी भिंती निरखून बघायचे. पुढे खरंच तिथून माझी गाडी सुटली. हॉगवर्ट्स नव्हे, विदर्भ एक्सप्रेस. दुपारी गोंदिया, सकाळी मुंबई.

मग लाज कसली?

या दिवाळीत घरी गेले, तर मावसभावाने माझं ते पुस्तक परत केलं. यंदाच इंग्लिश मीडियममध्ये गेलाय. म्हणाला, 'ताई, मराठीतलं वाचतो म्हणून पोरं हसतात.' 'मग इंग्रजीतलं वाच ना.' तो गप्प. ते अजून जमत नाही. म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. पोराचं वाचनच बंद!

मला एकदम माझा लंच अवर आठवला. त्या पोरांमध्ये आणि माझ्यात फरक काय? ती हसतात, मी लपवते.

ही मालिका ऐंशीहून जास्त भाषांत गेली आहे. जगभरातल्या कितीतरी मुलांनी ती आपापल्या भाषेतच वाचली. इंग्रजी मी नंतर वाचलं, आवडीने वाचलं. पण पुस्तकांची चटक लावली ती त्या मराठी हॅरीने.

मुंबईला परतल्यावर लंचमध्ये सांगून टाकलं. दोन सेकंद शांतता. मग अकाउंट्सवाली म्हणाली, 'मी तर हिंदीतून वाचलंय यार!'

तेच मी मावसभावाला फोनवर सांगितलं. परवा त्याचा फोन.

'ताई, दुसरा भाग मराठीत आहे ना?'

आहे राजा. सातही आहेत.