घराबाहेरचा केबलजोड : टेप गुंडाळण्याआधी पाण्याची वाट बघा

अहिल्यानगर जिल्ह्यात इंटरनेट आता गावठाणापुरतं राहिलेलं नाही. शेतातल्या वस्त्यांवर ते पोचलं आहे. अकोले, संगमनेर, राहुरीकडे बिबट्याच्या धास्तीने गोठ्यावर कॅमेरे लागले आहेत, कुठे कांदाचाळीवर नजर ठेवायला लागले आहेत. घरापासून तिथपर्यंतची केबल उघड्यावरून जाते आणि वाटेत कुठेतरी तिला जोड दिलेला असतो. पावसाळ्यात बिघाड शोधायला निघालात तर आधी हा जोड बघा. त्याच्याविषयीच्या काही समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : आपल्याकडे पाऊसच कमी, साधी केबल चालते.

वस्तुस्थिती : घाटघर-रतनवाडीच्या बाजूला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड पर्जन्यछायेत आहेत. पण कमी पावसाच्या भागात केबलला आधी ऊन खातं. घरात वापरायच्या केबलचं राखाडी पीव्हीसी आवरण अतिनील किरणांनी कडक होतं, त्याला चिरा पडतात. मग वळवाची एक सरही पुरते. बाहेरच्या केबलचं आवरण काळ्या पॉलिथिलीनचं असतं. त्यात मिसळलेल्या कार्बनच्या काजळीमुळे ते ऊन सोसतं. दुकानात नुसती ‘कॅट-६’ मागू नका, ‘आउटडोअर कॅट-६’ मागा.

गैरसमज : विजेच्या वायरीसारख्या तारा पिळून जोडल्या की काम झालं.

वस्तुस्थिती : नेटच्या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. बाहेरचा विद्युत गोंगाट आणि एका जोडीचा दुसरीला होणारा त्रास हा पीळच कमी करतो. म्हणून टोकाशी तो सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असा दंडक आहे. हाताने पिळलेल्या जोडात तो इंच-दोन इंच उलगडतो. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० एमबीपीएसला चारही लागतात. त्यामुळे एक जोडी कच्ची राहिली की नेट बंद पडत नाही, पण वेग पुष्कळदा १०० वर उतरतो आणि दोष कंपनीवर जातो. जोड द्यायचाच असेल तर केबलच्याच दर्जाचा जॉइंट बॉक्स वापरा, नाहीतर दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने आरजे-४५ प्लग लावून मध्ये कपलर घाला.

गैरसमज : काळ्या टेपचे चार वेढे दिले की पाणी शिरत नाही.

वस्तुस्थिती : साधी इन्सुलेशन टेप विजेचा धक्का बसू नये म्हणून असते. मे महिन्याच्या उन्हात तिचा चिकटा पातळ होतो आणि कडा सुटतात. तिथून पाणी आत जातं आणि तिथेच कोंडून राहतं. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज जात असेल तर हा धोका वाढतो, कारण ओलसर जोडात डीसी विजेमुळे तांबं झपाट्याने गंजतं. जोड उघडल्यावर दिसणारा हिरवट थर हा त्याच गंजाचा.

इथे सेल्फ-अमलगमेटिंग टेप लागते. ही रबराची असते, तिला चिकटा नसतो. चांगली ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळली की ती स्वतःशीच एकजीव होते. उभ्या केबलवर सुरुवात खालून करून वर जा, म्हणजे वेढे कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. ऊन लागू नये म्हणून शेवटी वरून साधी टेप द्या.

गैरसमज : डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलंय, आता काळजी नको.

वस्तुस्थिती : यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवूनही बाधा नाही. पण ही हमी कंपनीने बंद केलेल्या डब्याची आहे. आपण त्याला भोक पाडलं की ती संपली. केबल डब्यात खालच्या बाजूने, तिच्या जाडीच्या केबल ग्लँडमधूनच घ्या. फटी बुजवायला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून निघणारं ॲसेटिक आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर प्रकारचं मागा.

गैरसमज : पाणी फक्त जोडातूनच शिरतं.

वस्तुस्थिती : केबल छतावरून थेट भिंतीतल्या भोकात उतरवली तर पाणी तिच्यावरून घरंगळत घरात येतं. आवरणाला चीर असेल तर ते केशाकर्षणाने तारांच्या कडेकडेने पुढे सरकतं आणि राऊटरच्या पोर्टपर्यंतही पोचू शकतं. यावर उपाय फुकटचा आहे. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे हिवरे बाजारच्या या जिल्ह्याचं ब्रीद शिवारासाठी अगदी योग्य आहे, पण केबलवरचं पाणी अडवायचं नसतं, त्याला निथळून जायला वाट द्यायची असते.

गैरसमज : जोड देत देत केबल कितीही लांब नेता येते.

वस्तुस्थिती : तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा सगळे तुकडे धरून १०० मीटर. जोडाने ती वाढत नाही, उलट प्रत्येक जोडात सिग्नल थोडा घटतो. गोठा १५० मीटरवर असेल तर मध्ये स्विच लावा, नाहीतर सरळ फायबर टाका. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही असतं. तार ब्लेडने खरवडून आत पांढरी दिसली तर ती घेऊ नका. तिचा रोध जास्त असतो आणि ती वाकवताना लवकर तुटते.

गैरसमज : वीज थेट अंगावर पडली तरच राऊटर जळतो.

वस्तुस्थिती : जवळपास पडलेली वीजही लांब तांब्याच्या तारेत मोठा दाब उसळवते. सर्ज प्रोटेक्टर उपयोगी आहे, पण चांगलं अर्थिंग असेल तरच. दोन इमारतींमध्ये फायबर सर्वांत सुरक्षित, कारण काच वीज वाहत नाही. मात्र त्या केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती बाहेरच्या हुकालाच बांधून तोडायची, घरात आणायची नाही. फायबरचा जोड स्प्लायसिंग मशीनवाल्याकडूनच करून घ्या आणि तुटलेल्या टोकात डोळा घालून पाहू नका. त्यातला इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मृग लागण्याआधी एवढं करा. केबल घेण्यापूर्वी अंतर दोरीने मोजा आणि वळसे, झोल धरून एकसंध तुकडा घ्या, कारण जो जोड दिलाच नाही, तो कधी बिघडत नाही. जोड टळतच नसेल तर तो पागोळ्यांखाली किंवा जमिनीत नको, वळचणीखाली कोरड्या जागी, हात पोचेल असा ठेवा. महावितरणच्या खांबाला हात लावू नका आणि आभाळात गडगडाट असेल तर काम उद्यावर टाका.