महागडा सायकल-गॉगल घ्यावा का?

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून इथले सायकलवाले पहाटेच होटगी रस्त्याला लागतात. तरी परतेपर्यंत ऊन डोळ्यांवर येतंच. धूळ नि चिलटांचा त्रास तर त्याहून जास्त. गॉगल हवाच. प्रश्न आहे तो १५ हजारांच्या गॉगलचा.

अतिनील किरण अडवायला एवढे पैसे लागत नाहीत. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण शोषून घेतं. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, आणि हे हजार-दीड हजारांच्या गॉगलमध्येही मिळतं. धोका आहे तो अतिनील न अडवणाऱ्या नुसत्या काळ्या भिंगाचा: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत शिरतात. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात यंत्रावर तपासून मिळतं का, विचारा.

मग जास्तीचे पैसे कशाचे? कडेलाही स्वच्छ दिसणारं भिंग, घामातही न घसरणारी नाकाची रबरं, हेल्मेटखाली न रुतणाऱ्या काड्या, आणि बराचसा भाग नावाचा! पोलराइज्ड घेताना मात्र जपून. त्यातून सायकलवरच्या मीटरचा पडदा कधी कधी काळाच दिसतो.

दर आठवड्याला शे-दीडशे किलोमीटर मारणाऱ्याने हौसेने घ्यावा. इतरांनी स्वस्तातला घेऊन उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घ्यावा.