एक वस्तू, एक नाव : कार्यप्रणालींच्या मॅन्युअलमधील संज्ञांचा प्रश्न

ललित वाङ्मयात एका वस्तूला अनेक नावे असणे हे भाषेच्या समृद्धीचे लक्षण मानले जाते. अमरकोशाची सारी रचनाच या समृद्धीवर उभी आहे. पंढरीच्या देवाला एका ओळीत विठोबा म्हटले, दुसऱ्या ओळीत पांडुरंग म्हटले आणि तिसऱ्या ओळीत पंढरीनाथ म्हटले, तरी ऐकणारा तीन देवांची कल्पना करीत नाही; ते एकच दैवत आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. निबंधात तोच शब्द पुन्हापुन्हा आला की पुनरुक्तीचा दोष दाखवला जातो, आणि पर्यायी शब्द शोधण्याची सवय लेखकाच्या अंगी लहानपणीच मुरते.

ही सवय घेऊन संगणकाच्या कार्यप्रणालीचे मॅन्युअल लिहावयास बसणारा लेखक वाचकाचे मोठे नुकसान करू शकतो. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था. फाइली कोठे ठेवाव्यात, कोणत्या प्रोग्रामला किती स्मृती द्यावी, कोणाला काय करू द्यावे, हे सर्व तीच ठरविते. या व्यवस्थेतील बहुतेक वस्तू डोळ्यांना दिसत नाहीत. वाचकाला त्यांची ओळख होते ती केवळ नावांतून. शिवाय मॅन्युअल कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचीत नाही. अडचण आली की हवे ते एक पान उघडले जाते, तेवढेच वाचले जाते आणि लगेच त्याप्रमाणे कृती केली जाते. अशा वाचकापुढे दोन नावे आली, तर त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत असेच तो धरून चालणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. सरकारी कचेरीत एकाच पदाला दोन नावे असली तर अर्ज कोणाच्या नावे करावयाचा हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १९६२ साली, पदनाम कोश काढला, त्यामागील व्यवहारदृष्टी हीच म्हणता येईल.

या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर युनिक्स या कार्यप्रणालीच्या मॅन्युअलइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिचे सात विभाग होते : आज्ञा, कार्यप्रणालीला करावयाची आवाहने, उपप्रोग्राम, विशेष फाइली, फाइलींचे आराखडे, इतरांनी सांभाळलेले प्रोग्राम आणि संकीर्ण. प्रत्येक पानाचा साचा ठरलेला : नाव, वापराची रीत, वर्णन, ज्ञात दोष इत्यादी. दोषांना स्वतंत्र मथळा देणारे हे मॅन्युअल त्या काळी प्रामाणिकपणाचा एक नमुनाच होते. आज लिनक्सवर काम करणारा माणूस जी पाने उघडतो त्यांचा साचा बव्हंशी तोच आहे.

युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये नावांचे दोन थर आहेत आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला थर टंकित करावयाच्या नावांचा. ही नावे यंत्र वाचते. त्यांत एक अक्षर इकडचे तिकडे झालेले चालत नाही. नवी फाइल निर्माण करणाऱ्या आवाहनाच्या इंग्रजी नावात शेवटचे ‘ई’ हे अक्षर गाळलेले आहे. युनिक्स पुन्हा घडवावयाचे तर काय बदलाल, असे विचारले असता टॉम्पसन यांनी हे गाळलेले अक्षर परत घालीन असे उत्तर दिल्याचे सांगतात. परंतु असंख्य प्रोग्राम त्या अपुऱ्या नावावर विसंबून असल्यामुळे ते अक्षर आजतागायत परत आलेले नाही. मॅन्युअलच्या लेखकाने नाव चुकीचेच लिहावयाचे आणि त्याचे वर्णन करणाऱ्या वाक्यात मात्र तेच क्रियापद शुद्ध लिहावयाचे, अशी ही दुहेरी शिस्त आहे. दयाळू मुद्रितशोधकाने येथे हस्तक्षेप केला तर पान निरुपयोगी होते.

टंकित नावांच्या या थरातही एका नावाच्या दोन वस्तू असू शकतात. परवलीचा शब्द बदलण्याच्या आज्ञेचे जे नाव, तेच वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीचेही नाव. (या फाइलीत परवलीचे शब्द आता सहसा नसतात, ते सुरक्षिततेसाठी दुसरीकडे हलविले गेले, नाव तेवढे राहिले.) मॅन्युअलने यावर साधा उपाय काढला. नावापुढे कंसात विभागाचा अंक द्यावयाचा : पासवर्ड(१) म्हणजे आज्ञा, पासवर्ड(५) म्हणजे फाइलीचा आराखडा. नाव आणि अंक मिळून खरी संज्ञा पूर्ण होते. गैरसोय झाली ती १९८३ साली. ए. टी. अँड टी.च्या सिस्टिम पाच या आवृत्तीचे विभाग निराळ्या क्रमाने मांडलेले होते. तेथे फाइलींचे आराखडे चौथ्या विभागात होते, तर बर्कलीच्या परंपरेत ते पाचव्यातच राहिले. एकाच फाइलीचे पान एका यंत्रावर चारच्या खाली आणि शेजारच्या यंत्रावर पाचच्या खाली सापडे. सिस्टिम पाचच्या वंशातील सोलारिसने हा क्रम २०१८ साली, आपल्या ११.४ या आवृत्तीत, बदलून इतरांशी जुळवून घेतला. एका अंकाचा मेळ बसावयास पस्तीस वर्षे लागली.

दुसरा थर गद्याचा, म्हणजे वस्तूंविषयी बोलताना वापरावयाच्या संज्ञांचा. येथे यंत्र चूक दाखवीत नाही, म्हणून शैथिल्य शिरते ते येथेच. लिनक्सच्या मॅन्युअलचे संपादन २००४ पासून २०२१ पर्यंत मायकेल केरिस्क यांच्याकडे होते. त्या प्रकल्पात मॅन्युअलची पाने कशी लिहावीत हे सांगणारे एक पान आहे आणि त्यात ग्राह्य व अग्राह्य शब्दांची यादी दिलेली आहे. अमुक जोडशब्द तोडून लिहू नये, ‘सुपरयूजर’ मध्ये संयोगचिन्ह घालू नये, बोलण्यातील संक्षेप टाळून पूर्ण शब्द लिहावा, अशा त्यातील सूचना वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु शब्द तोडून लिहिला की शोध घेणाऱ्याला तो सापडत नाही, आणि जे पान सापडत नाही ते वाचकाच्या दृष्टीने लिहिलेच गेलेले नसते.

तथापि एका वस्तूला एक नाव देणे ही या शिस्तीची केवळ अर्धी बाजू होय. दोन वस्तूंना दोन नावे राखणे ही उरलेली अर्धी, आणि ती अधिक अवघड आहे. कार्यप्रणालींचे समान मानक म्हणून १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पॉझिक्समध्ये ‘फाइलनाव’ आणि ‘पथनाव’ यांत कटाक्षाने भेद केलेला आहे. फाइलनाव हे एकेका घटकाचे नाव; त्यात तिरपी रेघ येऊ शकत नाही. पथनाव म्हणजे फाइलीपर्यंतच्या वाटेचा संपूर्ण निर्देश. त्यात तिरप्या रेघांनी जोडलेले अनेक घटक असतात. लिनक्सवर पहिल्याची मर्यादा सामान्यतः २५५ बाइटांची, तर दुसऱ्याची ४०९६ बाइटांची. मॅन्युअलने दोहोंसाठी सरसकट ‘फाइलीचे नाव’ असे म्हटले आणि त्यावर विसंबून प्रोग्राम लिहिणाऱ्याने २५५ बाइटांपुरतीच जागा राखली, तर लांब पथ येताच तो मजकूर राखलेल्या जागेबाहेर सांडतो. प्रोग्राम कोसळणे हा त्यातल्या त्यात बरा परिणाम. जाणूनबुजून रचलेला लांब पथ देऊन यंत्रात घुसखोरी करण्याची वाटही अशाच सांडण्यातून मिळते.

येथे एक शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण तो देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या थेट अनुभवाचा आहे. इंग्रजी मॅन्युअलमध्ये पुष्कळ काळ ‘बाइट’ आणि ‘अक्षर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात. रोमन लिपीच्या मूळ संचातले एक अक्षर एका बाइटात मावत असल्यामुळे हा घोटाळा कोणाला जाणवलाच नाही. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे २५५ बाइटांच्या मर्यादेत देवनागरीची ८५ चिन्हेच बसतात. ‘फाइलनाव २५५ अक्षरांचे असू शकते’ असे वाचून मराठी लेखाच्या संपूर्ण शीर्षकाने फाइल साठवू पाहणाऱ्याला नकार मिळतो आणि त्याचे कारण त्याला कोठेही सापडत नाही. त्यातच मराठीत ‘अक्षर’ या शब्दाचा स्वतःचा अर्थ आहे. ‘क्षि’ हे वाचकाच्या दृष्टीने एकच अक्षर; परंतु यंत्राच्या हिशेबी त्यात क, हलन्तचिन्ह, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, आणि बाइट बारा. विंडोजच्या एनटीएफएस या रचनेतही २५५ हाच आकडा आहे, पण तेथे मोजले जातात ते सोळा बिटांचे एकक, आणि देवनागरीचे एक चिन्ह अशा एका एककात मावते. एकच आकडा, एकच शब्द आणि तीन निरनिराळ्या मोजण्या. इंग्रजीच्या वाचकाला जे शैथिल्य परवडले ते मराठी, हिंदी, तमिळ किंवा बंगाली वाचकाला परवडत नाही. साठ्याच्या मापांचीही तऱ्हा अशीच. ‘किलो’ म्हणजे १००० की १०२४, हा वाद मिटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९९८ साली १०२४ साठी ‘किबी’ हा स्वतंत्र उपसर्ग दिला. तरी ५०० गिगाबाइट म्हणून विकत घेतलेली तबकडी विंडोजवर ४६५ गिगाबाइटांचीच दिसते.

संज्ञा एकदा ठरविली म्हणजे काम संपले असेही नाही, कारण वस्तू बदलत असते. युनिक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘सुपरयूजर’ म्हणतात आणि ‘हे केवळ सुपरयूजरला करता येते’ हे वाक्य मॅन्युअलमध्ये जागोजागी असे. लिनक्सच्या २.२ या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, या एकवटलेल्या अधिकाराचे तुकडे करून ते स्वतंत्रपणे देण्याची सोय झाली. आज असे तुकडे चाळीसच्या घरात आहेत. ते वाक्य एकाही शब्दाने न बदलता खोटे ठरू लागले. ज्या माणसाने केवळ त्या वाक्यावरून एखाद्या प्रोग्रामला संपूर्ण सुपरयूजरचे अधिकार देऊन टाकले, त्याने घराची एक खोली उघडण्यासाठी साऱ्या किल्ल्यांचा जुडगा हवाली केला. अशा पानांवर अधिकाराच्या नेमक्या तुकड्याचे नाव घालणे हे संपादकाला एकेक पान तपासूनच करावे लागते. निव्वळ शब्दाच्या जागी शब्द बसवून ते साधत नाही, कारण काही ठिकाणी सुपरयूजर हाच शब्द अजूनही अचूक आहे.

नामांइतकीच शिस्त क्रियापदांनाही लागते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पॉझिक्समध्ये बंधन, शिफारस आणि मुभा यांसाठी तीन वेगळी इंग्रजी सहायक क्रियापदे नेमून दिलेली आहेत आणि त्यांचे अर्थ आरंभीच सांगितलेले आहेत. ज्याचा परिणाम ठरवून दिलेला नाही आणि ज्याचा निर्णय प्रत्येक कार्यप्रणालीने घेऊन तो लेखी नोंदवावयाचा, या दोहोंतही भेद आहे. भारतीय वाचकाला येथे पाणिनीची आठवण व्हावी. विकल्प सांगताना पाणिनी कोठे ‘वा’ म्हणतो, कोठे ‘विभाषा’, कोठे ‘अन्यतरस्याम्’. टीकापरंपरेने हे तिन्ही शब्द समानार्थी मानले. परंतु ‘टि’, ‘घु’, ‘भ’ अशा एकाक्षरी संज्ञा योजून मात्रेमात्रेची काटकसर करणारा ग्रंथकार एकाच अर्थासाठी तीन शब्द, आणि त्यांतला एक इतका लांब, कशाला वापरील? पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली पुणे विद्यापीठ आणि अमेरिकेतील एम. आय. टी. यांच्या मुद्रेने निघालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की ‘वा’ म्हणजे शक्यतो करावे, ‘विभाषा’ म्हणजे शक्यतो टाळावे, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही. पण त्यामागील तर्क तोच आहे ज्याच्या आधारे मॅन्युअलचा वाचक वाचतो : काटेकोर ग्रंथात शब्द बदलला असेल, तर अर्थही बदललेला असला पाहिजे.

मॅन्युअल मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. फाइलीला फाइल म्हणावे, धारिका म्हणावे की संचिका, यावर बराच वाद घातला जातो. वस्तुतः त्यांपैकी कोणताही एक शब्द शेवटपर्यंत पाळला तर वाचकाचे अडत नाही. ‘नस्ती’ हा शासकीय शब्द तेवढा घेऊ नये, कारण नस्तीत अनेक कागद असतात आणि ती फाइलीपेक्षा फोल्डरच्या जवळ जाते. क्रियापदांची गोष्ट निराळी आहे. ‘प्रोग्रामने फाइल बंद करावी’ या वाक्यात आज्ञा आहे की सल्ला, हे मराठीचे ‘-वे’ रूप सांगत नाही. ‘फाइल बंद होऊ शकते’ यात मुभा आहे, सामर्थ्य आहे की निव्वळ संभव, हेही कळत नाही. बंधनासाठी ‘केलीच पाहिजे’, शिफारशीसाठी ‘करणे इष्ट’, मुभेसाठी ‘करण्यास हरकत नाही’ आणि संभवासाठी ‘घडण्याचा संभव आहे’, अशी चार रूपे बांधून घेता येतील. ती कानाला रुक्ष लागतील, आणि प्रत्येक पानावर तीच तीच येत राहतील.