गाडी, होडी आणि चोरघंटा

ठाण्याच्या नौपाड्यांत पुष्कळ वाडे व चाळी जाऊन उंच इमारती उभ्या राहिल्या. पण गल्ल्या अरुंदच राहिल्या, आणि कित्येकांच्या गाड्यांस रात्र रस्त्यावर काढावी लागते. दिवसाही प्रकार निराळा नाहीं. स्टेशनाजवळ स्कूटर लावून मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराची ती स्कूटर दहाबारा तास धन्याच्या दृष्टीआड असते. गर्दींत कोणाची गाडी कोण नेतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

अशा ठिकाणीं सुटी चोरघंटा उपयोगीं पडते. मुठींत मावणारी ही डबी हवी तेथें अडकवितां येते. मोटारसायकलीच्या डिस्क ब्रेकला लावावयाच्या कांहीं कुलपांत तर ती आंतच बसविलेली असते. कांहीं डब्यांत स्फटिकजातीच्या द्रव्याची पातळ चकती असते. अशा द्रव्यावर दाब पडला कीं वीज उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिलें. गाडी हलली कीं चकतीस धक्का बसतो, विजेची सूचना मिळते आणि घंटा कर्कश ओरडूं लागते.

एक मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज, मोकळ्या जागेंत, अंतर दुप्पट होतांच सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. म्हणजे ३२ मीटरवर तो ८० च्या आसपास राहतो. झोपलेल्यास जागें करावयास इतका पुरे. परंतु जागा झालेला मनुष्य खिडकींत येतो काय? खरी मेख येथेंच आहे. ट्रक गेला, मांजरानें उडी मारली, गणपतीचा ढोल वाजला, आणि प्रत्येक वेळीं घंटा वाजली, तर चौथ्या खेपेस शेजारी कूस बदलून झोपतो. चोर नेमका तेव्हांच यावयाचा. म्हणून घंटेची संवेदनक्षमता कमी-जास्त करण्याची सोय पाहूनच ती घ्यावी, आणि आवाज कोणाच्या गाडीचा हें शेजाऱ्यांस आधींच सांगून ठेवावें.

नौपाड्यापासून जवळच चेंदणी कोळीवाडा आहे. अशा खाडीकाठच्या होडीस मात्र ही घंटा जशीच्या तशी चालत नाहीं, कारण होडी भरती-ओहोटीबरोबर सदैव हलतच असते. तेथें लोहचुंबकाची कळ बरी. चुंबक इंजिनावर व कळ होडीच्या लांकडावर बसवावी. दोन्ही दूर झालीं कीं घंटा वाजते. डबी खाऱ्या हवेपासून जपावी लागते. शिवाय रात्रीं खाडीवर ऐकणार कोण? म्हणून तेथें मालकाच्या फोनवर सूचना धाडणारें यंत्र अधिक उपयोगाचें. अर्थात् तेथें फोन लागत असेल तरच.

होडी परक्याच्या हातीं गेली तर हानि नेहमीं एका घरापुरती राहत नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें दहशतवाद्यांनीं पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका समुद्रांत बळकावली आणि तिच्यांतून ते मुंबईजवळ आले. तेथें माणसेंच ओलीस होतीं. घंटेचा कांहीं उपयोग नव्हता. किनाऱ्याशीं रिकाम्या उभ्या असलेल्या होडीची गोष्ट वेगळी.

घंटा चोरास भिववील, पण धरून ठेवणार नाहीं. तें काम सांखळीचें. लहान इंजिन रात्रीं काढून घरीं नेणें सर्वांत उत्तम. गाडीच्या व इंजिनाच्या क्रमांकांची नोंद घरांत ठेवावी, म्हणजे पोलीस ठाण्यांत सांगतांना अडावें लागत नाहीं; आणि डबींतील बॅटरी पावसाळ्यापूर्वीं एकदां बदलावी.