कानात कोण बोलतंय?

मराठी वृत्तवाहिनीवरची रात्रीची चर्चा पाहताना एकदा भांडणाऱ्या पाहुण्यांना सोडा आणि फक्त निवेदिकेचे डोळे बघा. बोलता बोलता तिची नजर क्षणभर हरवते, आणि पुढच्याच श्वासाला ती म्हणते, ‘आपण थेट नागपूरला जाऊ या.’ नागपूरचा निर्णय तिचा नसतो. आतल्या पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, बसलेल्या प्रोड्युसरनं तो घेतलेला असतो आणि तिच्या कानात सांगितलेला असतो. ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ या 1987च्या अमेरिकी चित्रपटात हा खेळ फार सुरेख दाखवला आहे: घरी बसलेला जाणकार वार्ताहर फोनवरून माहिती देतो, निर्माती ती देखण्या निवेदकाच्या कानात टाकते आणि पडद्यावर निवेदकच विद्वान ठरतो.

आपल्याकडे या व्यवस्थेला सरसकट ‘टॉकबॅक’ म्हणतात आणि कानातल्या बोंडाला ‘ईपी’. जगभरच्या प्रक्षेपण धंद्यातलं नाव आयएफबी. कानात एरवी कार्यक्रमाचा आवाज चालू असतो. प्रोड्युसरनं कळ दाबली की तो दबतो किंवा तुटतो आणि त्या जागी प्रोड्युसर बोलतो. कळ सोडली की कार्यक्रम परत येतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण यातलं खरं कौशल्य कानात काय घालायचं यापेक्षा काय वगळायचं यात आहे, आणि वगळायचा असतो तो स्वतःचाच आवाज. 1950च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी दाखवून दिलं, की माणसाला त्याचंच बोलणं किंचित उशिरानं ऐकवलं तर तो अडखळतो, शब्द ताणतो, बोबडा होतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका उशीर सगळ्यात वाईट. बाहेरगावचा आवाज ज्याच्यामार्फत येतो-जातो तो भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणून बाहेरगावच्या वार्ताहराला संपूर्ण कार्यक्रम पाठवतात, त्यातून फक्त त्याचा आवाज काढून. याला ‘मिक्स-मायनस’ म्हणतात. चर्चेत सहा बाहेरगावचे पाहुणे असतील तर सहा वेगवेगळे मिक्स लागतात, प्रत्येकात वेगळा माणूस वजा. एखादा पाहुणा अचानक कानातलं उपटून फेकतो तेव्हा तो रागावलेलाच असतो असं नाही. बरेचदा कुणीतरी वजाबाकी विसरलेलं असतं.

पूर्वी प्रत्येक कानासाठी स्वतंत्र तार ओढावी लागे. कमरेला लावायच्या छोट्या डब्याला एकाच तीन पिनांच्या केबलमधून वीजही मिळायची आणि आवाजही. स्टेडियममध्ये समालोचन कक्षापासून बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीपर्यंत (ओबी व्हॅन) जाडजूड केबलची गुंडाळी उलगडणं हे सामन्याआधीचं अंगमेहनतीचं काम. ऐनवेळी तज्ज्ञ म्हणून आणखी एक माजी खेळाडू आणला की त्याच्या कानासाठी तारेची मोकळी जोडी शोधत फिरायचं.

आता या तारांची जागा संगणकाच्या नेटवर्कनं घेतली आहे. 2006 साली सिडनीत सुरू झालेल्या ऑडिनेट कंपनीची ‘डान्टे’ ही पद्धत सर्वांत पसरली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांना एकमेकींचा आवाज घेता यावा म्हणून 2013मध्ये एईएस-67 हे मानक आलं, आणि 2017पासून चित्रासकट सगळं नेटवर्कवर नेणाऱ्या एसएमपीटीई 2110 मानकातला आवाजाचा भाग त्याच्यावरच उभा आहे. हिशेब सोपा आहे. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक 24 बिटांचा, म्हणजे एका आवाजाला साधारण 1.15 मेगाबिट. गिगाबिटच्या एका केबलमध्ये असे शेकडो आवाज मावतात, आणि निवेदकापुढच्या डब्याला लागणारी वीजही त्याच केबलमधून येते. शिकागोजवळच्या स्कोकी गावातली स्टुडिओ टेक्नॉलॉजीज, इंग्लंडात मेडस्टोनची ग्लेनसाउंड अशा कंपन्या हे डबे बनवतात. समालोचकाच्या डब्यावर मोजक्याच कळा: एक आवाज प्रक्षेपणात सोडणारी, एक खोकला आला तर तो बंद करणारी, एक प्रोड्युसरशी गुपचूप बोलण्याची. नवा तज्ज्ञ आला तर आता तार शोधायची नाही. डबा नेटवर्कच्या जवळच्या स्विचला जोडायचा आणि पडद्यावर त्याचा मिक्स आखून द्यायचा. माझ्या मते नेटवर्कची खरी देणगी हीच. आवाजाचा दर्जा जुन्या तारेवरही चांगलाच होता.

याची किंमत घड्याळात मोजावी लागते. नेटवर्कवर आवाज तुकड्यातुकड्यांनी धावतो, त्यामुळे सगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही बारीक जुळावी लागतात. त्यांतलं एक यंत्र मुख्य घड्याळ होतं, बाकीची त्याच्यामागे चालतात. स्विचमधली वीजबचतीची सोय चालू राहिली तरी ही जुळणी बिघडू शकते, म्हणून ती आधी बंद करा असं सांगतात. बिघडली की कानात टकटक, खरखर.

बाकी नेटवर्कवरचा एक मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे बोलणारा फक्त 34 सेंटिमीटर लांब सरकला, इतकंच. मात्र स्वतःचा आवाज इथेही नाजूक. तो हाडांतून तत्क्षणी पोचलेला असतो. काही मिलिसेकंदांनी तोच पुन्हा कानात आला तर पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून समालोचकाला त्याचा आवाज नेटवर्कवरून फिरवून न देता समोरच्या डब्यातच मिसळून देणं चांगलं.

इमारतीबाहेर पडलं की सगळी गणितं बदलतात. 18 जुलै 2020 रोजी दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला तीन संघांचा एक प्रदर्शनी सामना झाला. टाळेबंदीमुळे त्याचं समालोचन भारतात घरबसल्या झालं: संजय मांजरेकर मुंबईत, इरफान पठाण बडोद्यात, दीप दासगुप्ता कोलकात्यात. एका खोलीत बसलेले समालोचक एकमेकांच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखतात की आता हा बोलणार. इथे खांदेच नव्हते, फक्त कान.

रस्त्यावरच्या वार्ताहराची अवस्था तर रोजच तशी. पाठीवरच्या पिशवीतली अनेक सिमकार्डं मिळून चित्र पाठवतात, त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात आणि प्रश्न पुष्कळदा साध्या फोनवरून कानात येतो. प्रश्न संपल्यावर तो जो मान हलवत गप्प उभा दिसतो, तो विचार करत नसतो.

यंत्रं कितीही सुधारली तरी कानात बोलणाऱ्याला बोलण्याचं भान लागतं. निवेदिका वाचत असताना चार शब्दांपलीकडे जायचं नाही. ‘तीस सेकंद’, ‘गुंडाळा’, ‘पुणे तयार’. प्रश्न सुचवायचा तर पाहुणा बोलत असताना. ब्रिटनमध्ये अनेक निवेदक कळ दाबूनचा टॉकबॅक घेतच नाहीत. ते कंट्रोल रूम सतत उघडी ऐकतात, म्हणजे कॅमेऱ्यांच्या सूचना, वाद, चहाची ऑर्डर, सगळं. त्यांचं म्हणणं, गोंधळ आधी कळला तर पडद्यावर दचकायला होत नाही. काहींना त्यानं डोकं उठतं. नव्या डब्यांत एका कानात कार्यक्रम आणि दुसऱ्यात प्रोड्युसर, असंही करता येतं.

आणि सगळंच बंद पडलं तर कॅमेऱ्याशेजारी फ्लोअर मॅनेजर उभा असतोच, हवेत बोट गोल गोल फिरवत: आवरा आता.